जाताना आवरून जाणारा प्रोग्रॅम

सोमवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी सदाशिव पेठेतल्या त्या अभ्यासिकेत चाळीस खुर्च्या रिकाम्या होत्या आणि एकतीस मुलं जिन्यात उभी होती. आत पंखे फिरत होते, ट्यूबलाइट जळत होत्या, पाण्याचा पिंप काठोकाठ भरलेला होता. फक्त दारापाशी टेबलावर बसवलेला जुना संगणक म्हणत होता, की हॉल भरला आहे.

"मच्छिंद्रदादा, आत एक माणूस नाहीये," सूरज म्हणाला. तो लोणी काळभोरचा. स्पर्धा परीक्षेसाठी रोज बसने यायचा, आणि इथल्या पाच तासांसाठी जाऊन-येऊन तीन तास घालवायचा.

"दिसतंय मला. डोळे हायेत," मच्छिंद्र म्हणाला. तो अभ्यासिकेचा शिपाई. "पण मशीन म्हणतंय भरलंय. नंबर मिळाल्याशिवाय आत सोडायचं नाही, असा नियम हाय. उद्या तुम्ही साहेब होणार, आणि आजच मला नियम मोडायला सांगताय?"

मुलं पाऊण तास उभी राहिली. शेवटी मच्छिंद्रने चिटणीसांना फोन लावला, चिटणीसांनी कागदावर नंबर लिहून द्यायला सांगितलं, आणि मग हॉल भरला. महिन्यातली ही चौथी वेळ होती.

हा प्रोग्रॅम लिहिला होता स्वरालीने. ती नववीत होती. त्याआधी अभ्यासिकेत खुर्ची धरायची पद्धत रुमालाची होती. सहाला दार उघडलं की मुलं आत धावायची, एका खुर्चीवर रुमाल, शेजारच्या खुर्चीवर मित्रासाठी पाण्याची बाटली, आणि मग चहाला. रुमालावरून भांडणं व्हायची, एकदा तर बाटली खिडकीतून खाली गेली होती. अभ्यासिकेच्या मागच्या खोलीत श्यामसर शनिवार-रविवार मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवत. शाळेत छत्तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेला हा माणूस संगणक शिकला तो साठीनंतर. त्यांच्याच वर्गात स्वरालीने दिवाळीच्या सुट्टीत हा प्रोग्रॅम बनवला. मूल आलं की आपलं नाव टाकायचं, प्रोग्रॅम खुर्चीचा नंबर द्यायचा, भिंतीवरच्या फलकावर तो नंबर लाल व्हायचा. रुमाल संपले.

त्यात तिचा सगळ्यात आवडता भाग कोणाला दिसतच नव्हता. तो होता प्रोग्रॅम बंद होतानाचा.

"तू स्कूटरवर बसताना आधी काय बांधतेस?" सरांनी तिला विचारलं होतं.

"आधी स्कार्फ. मग हेल्मेट."

"आणि उतरल्यावर आधी स्कार्फ सोडतेस?"

ती हसली होती. हेल्मेटच्या आतला स्कार्फ आधी कसा सुटेल?

"तेवढंच आहे बघ. प्रोग्रॅम सुरू होताना ज्या ज्या गोष्टी मांडतो, त्या मांडतानाच सांगून ठेवायचं, की बाबा रे, निघताना ही आवर. मग तो निघायला लागला, की आपण काही न म्हणता ती आवरायची कामं आपोआप होतात. शेवटी सांगितलेलं आधी, आधी सांगितलेलं शेवटी."

स्वरालीच्या प्रोग्रॅमने सुरू होताना आधी घडेल ते टिपायची नोंदवही उघडली, मग खुर्च्या मांडल्या, मग फलक लावला. म्हणून निघताना तो आधी फलक विझवायचा, मग सगळ्या खुर्च्या मोकळ्या करायचा, आणि हे सगळं वहीत लिहून झालं की सर्वांत शेवटी वही मिटायचा. वही आधी मिटली असती, तर खुर्च्या मोकळ्या झाल्या हे लिहायचं कशात? हे तिचं तिलाच सुचलं होतं. त्या दिवशी सरांनी तिला शाबासकी दिली नव्हती, नुसतीच मान डोलावली होती, आणि ते मान डोलावणं तिला आठवडाभर पुरलं होतं.

मंगळवारी संध्याकाळी सौमित्र आगाश्यांनी तिला बोलावून घेतलं. हे अभ्यासिकेचे चिटणीस. अकरा वर्षं त्या जागेची शिस्त त्यांनी एकट्याने सांभाळली होती, आणि ती सांभाळली जाते आहे हे सगळ्यांना कळेल अशी सांभाळली होती.

"बस," ते म्हणाले. खोलीत दुसरी खुर्ची नव्हती. "तुझ्या यंत्राने काल काय केलं, कळलं का?"

"हो काका. खुर्च्या मोकळ्या झाल्या नाहीत."

"मुलं जिन्यात तिष्ठत. एकतीस. हा कागद वाच."

कागद टाइप केलेला होता. 'मी तयार केलेला सदर प्रोग्रॅम सदोष असून तो मी मागे घेत आहे. विद्यार्थ्यांना झालेल्या त्रासाबद्दल मी दिलगीर आहे.' खाली तिचं पूर्ण नाव, इयत्ता, आणि सहीसाठी जागा.

"हा सूचनाफलकावर लागेल. रविवारी साडेबाराला समितीची बैठक आहे, त्याच्या आत सही हवी."

"मी आधी बघते ना काका, काय चुकलंय ते. माझं चुकलं असेल तर सही करते."

"चुकलंय म्हणूनच तर सही आहे."

"पण काय चुकलंय?"

आगाश्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "ते मला माहीत असतं, तर नववीतल्या मुलीचा प्रोग्रॅम मी वापरला असता का?"

खाली तिची आई, तनुजाताई, स्कूटर चालू ठेवून उभी होती. तनुजाताईंनी कागद दिव्याखाली धरून वाचला आणि घडी करून पर्समध्ये टाकला. "सही कर आणि मोकळी हो. पुढच्या वर्षी दहावी आहे. चार दिवस लावतील आणि काढून टाकतील."

"माझं नाव असेल त्याच्यावर."

"नावाला काय होतंय?"

"काही होत नसेल तर मग तुझं टाकू?"

आईने आरशातून तिच्याकडे एकदा पाहिलं आणि स्कूटर टिळक रस्त्याकडे वळवली.

बुधवारी स्वराली प्रोग्रॅमच्या नोंदवहीची छापील पानं घेऊन सरांच्या घरी गेली. सरांनी पानं जमिनीवर पसरली, पेन्सिल कानामागून काढली आणि पुन्हा कानामागे ठेवली.

"मी सतरा वेळा वाचलाय प्रोग्रॅम. आवरायची तिन्ही कामं नीट सांगितलेली आहेत. घरी चालवला की बरोबर चालतो."

"हं. मग प्रोग्रॅम राहू दे बाजूला. वही काय म्हणते?"

"काहीच नाही म्हणत. चूक झाल्याची एक ओळ नाही."

"काय लिहिलंय ते तू सतरा वेळा वाचलंस. काय लिहिलेलं नाही, ते एकदा वाच."

तिला राग आला, कारण सर असं बोलले की उत्तर पुढ्यातच पडलेलं असायचं. मंगळवारच्या सकाळच्या सत्राचं पान तिने ओढलं. शेवटच्या तीन ओळी: फलक बंद. खुर्च्या मोकळ्या. वही बंद. मग सोमवारचं पान. शेवटची ओळ: १२.४१, खुर्ची २२, पाणी पिऊन परत. त्याखाली कोरं.

"वही मिटलेलीच नाहीये," ती सावकाश म्हणाली. "तिन्हीतलं एकही काम झालेलं नाही. तो निघालाच नाही, सर. तो मधेच... होता तो नाहीसा झाला. वहीत खुर्च्या भरलेल्याच राहिल्या, आणि पुन्हा सुरू झाल्यावर त्याने तेच वाचलं."

"असे दिवस किती?"

तिने पानं वेगळी केली. चार. सोमवार, गुरुवार, गुरुवार, सोमवार. चारही वेळा सकाळच्या सत्राचा शेवट.

"आता हे मला विचारू नकोस," सर म्हणाले. "दुपारी एक वाजता मी झोपलेला असतो."

ती अभ्यासिकेपाशी पोचली तेव्हा मच्छिंद्र जिन्याला कुलूप घालत होता. सोमवारी आणि गुरुवारी एक वाजता काय असतं, असं विचारल्यावर तो कुलपाशी जरा जास्तच वेळ झटला.

"पोरी, मी काय बोलत नाही. माझी नोकरी हाय." त्याने किल्ली खिशात टाकली. "उद्या गुरुवार हाय. तुझी शाळा साडेबाराला सुटती ना? मग पाऊण वाजता पाणी प्यायला ये. पाणी प्यायला कोणी नाही म्हणत नाही."

ती गेली. पिंपापाशी पेला हातात धरून उभी राहिली. पाच कमी एकला मच्छिंद्रने हाळी दिली, "चला, वेळ झाली." एकही डोकं वर झालं नाही. अभ्यासिकेतली मुलं कधीच पहिल्या हाकेला उठत नाहीत. प्रत्येकाची एक ओळ राहिलेली असते, आणि ती ओळ संपली की तिच्याखाली आणखी एक असते. एरवी मच्छिंद्र प्रोग्रॅम बंद करायचा आणि मग एकेकाच्या खांद्याला हात लावत फिरायचा. एकाचे सव्वा व्हायचे.

पण सोमवार आणि गुरुवार हे आगाश्यांच्या पाहणीचे दिवस होते. ते दाराशी मनगटाकडे बघत उभे होते. काटा बाराला टेकला, तसे ते शांतपणे भिंतीकडे वळले, पत्र्याची पेटी उघडली आणि मेन स्विच खाली ओढला. ट्यूबलाइट गेल्या. पंखे मंद होत होत थांबले. संगणकाचा पडदा डोळा मिटावा तसा काळा झाला.

"एक वाजला," आगाशे म्हणाले.

चाळीस खुर्च्या एकदम सरकल्या.

कोणी बोलत असताना त्याच्या तोंडावर दार आपटावं, तसं स्वरालीला वाटलं. तिला ओरडायचं होतं. तिने पेला धुतला, पालथा घातला आणि थेट सरांचं घर गाठलं. सर झोपेतून उठून दार उघडायला आले.

"त्यांनी मेन स्विच ओढला. रोज नाही, ते येतात तेव्हाच. आज धरून पाच वेळा. म्हणजे माझी काही चूक नाही. मी सही करणार नाही."

"सही करू नकोस," सर म्हणाले. "आत ये. आता सांग, तुझी काहीच चूक नाही?"

"सर."

"विचारतोय फक्त. आवरायची कामं केव्हा होतात?"

"प्रोग्रॅम निघतो तेव्हा."

"आपण निघतोय हे त्याला कळतं तेव्हा. बंद करायची कळ दाबली, काम संपलं, मधे काही बिनसून तो स्वतःच थांबला, तरी तो दारानेच बाहेर पडतो आणि जाता जाता आवरतो. पण पायाखालची जमीनच काढून घेतली, तर आवरायला तो उरतो कुठे? आता आगाश्यांना बाजूला ठेव. उद्या कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर जळला तर?"

हे तिच्या लक्षात यायला हवं होतं, आणि आलं नव्हतं. सरांनी थोडा वेळ जाऊ दिला. घाई करून शिकवलेलं टिकत नाही, असं त्यांचं मत होतं, आणि चहा टाकायलाही तेवढा वेळ लागतोच.

"निघताना नाही जमलं तर येताना करायचं," ती शेवटी म्हणाली. "सुरू झाल्या झाल्या आधी वही बघायची. शेवटची ओळ 'वही बंद' नसेल, तर मागच्या वेळी आवरायचं राहिलंय. ते आधी आवरायचं, मग कामाला लागायचं."

"बघ."

"म्हणजे मी माफी मागू?"

"माफी कशाची? दुरुस्ती कर. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लोक त्या एका कागदावर टाइप करतात."

शनिवारपर्यंत तिने दुरुस्ती केली आणि मागच्या खोलीत सरांसमोर सात वेळा सरळ प्लग उपटून तपासली. सुरू होताना प्रोग्रॅम राहिलेलं आवरायचा आणि पडद्यावर वर मोठ्या अक्षरांत एक ओळ दाखवायचा. सरांनी ती ओळ वाचली. पुन्हा वाचली.

"ही कशासाठी?"

"खरी आहे."

"खरी आहे," सर म्हणाले. "मग राहू दे."

रविवारी बैठकीला समितीचे चौघे जण होते. अध्यक्ष हेमाताई थेट कर्वे रस्त्यावरून चालत आलेल्या होत्या आणि कागदाने वारा घेत होत्या. तो स्वरालीच्या सहीसाठीचाच कागद होता, आईने पर्समधून काढून दिलेला. सर मागे भिंतीला टेकून बसले होते. आई दाराशी उभी होती. हॉलमध्ये मुलं वाचत होती, आणि समिती बोलते आहे म्हणून आणखीच खाली मान घालून वाचत होती.

"कोरा आहे हा," हेमाताई म्हणाल्या.

"मी सही करणार नाही," स्वराली म्हणाली. तिचा आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा लहान निघाला, म्हणून तिने पुन्हा सांगितलं. "नाही करणार. त्यात लिहिलेलं खरं नाहीये."

"पाच वेळा मुलं जिन्यात उभी होती, हे खरं नाही?" आगाश्यांनी विचारलं.

"ते खरं आहे. का उभी होती ते लिहिलेलं नाही." तिने घड्याळाकडे पाहिलं. बारा अठ्ठावन्न. "काका, एक वाजतोय. तुम्ही सोमवार-गुरुवारी करता तसंच आज करा."

"म्हणजे?"

"मुलांना उठवता तसं."

आगाशे तिच्याकडे बघत राहिले. यात काहीतरी आहे, हे त्यांना कळत होतं. पण घड्याळ एककडे चाललं होतं, समिती बघत होती, आणि एक वाजल्यावर न उठणं त्यांच्याने झालं नसतं. ते उठले, पेटीपाशी गेले आणि त्यांनी स्विच ओढला. काळोख असा झाला नाही, दुपारच होती. पण सगळं एकदम गप्प झालं.

"एक वाजला," ते सवयीने म्हणाले.

"मच्छिंद्रदादा, आता चालू करा," स्वराली म्हणाली.

संगणक जुना होता, त्याने वेळ घेतला. वह्या-पुस्तकं आवरून निघालेली मुलं टेबलापाशी रेंगाळली. फलकावरचे चाळीसही नंबर हिरवे झाले, आणि पडद्यावर ओळ उमटली. सूरजने ती मोठ्याने वाचली.

"'मागच्या वेळी प्रोग्रॅम बंद न करता वीज घालवण्यात आली. शेवटची नोंद बारा सत्तावन्न. राहिलेली आवराआवर आत्ता केली आहे.'" तो थांबला. "म्हणजे सोमवारी आम्ही जिन्यात उभे होतो ते..."

"हो," स्वराली म्हणाली.

मागून कोणीतरी खाकरलं.

"ही ओळ काढ," आगाशे म्हणाले.

"नाही काढणार काका."

"मुद्दाम लिहिली आहेस तू."

"प्रोग्रॅम लिहितो. त्याला तुमचं नाव माहीत नाही. ट्रान्सफॉर्मर जळला तरी तो हेच लिहील."

"मी अकरा वर्षं ही संस्था चालवतोय. शिस्तीसाठी स्विच ओढतो. ही मुलं एरवी उठत नाहीत."

"उठवा ना. त्याआधी ही कळ दाबा," तिने टेबलावर बोट ठेवलं. "दोन सेकंद लागतात. तो आवरून जातो. मग हवा तर स्विच ओढा, ओळ येणार नाही. ती यायची की नाही, ते तुमच्याच हातात आहे."

"सर, तुम्ही हिला हे शिकवलंत?" आगाशे मागे वळून म्हणाले. आठवीत ते सरांच्याच हाताखाली होते.

"आवरून जायला शिकवलं," श्यामसर म्हणाले. "तुलाही शिकवलं होतं, सौमित्र. डस्टर जागेवर ठेवायचं तुझ्या कधी लक्षात राहिलं नाही."

हेमाताईंनी वारा घ्यायचं थांबवलं.

स्वरालीने दप्तरातून तिचा कागद काढला. तो हाताने लिहिलेला होता. 'अचानक वीज गेल्यास खुर्च्या मोकळ्या करण्याची सोय प्रोग्रॅममध्ये नव्हती. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. ती सोय आता केली आहे.' त्याखाली तिची सही होती. त्याखाली दुसरा मजकूर: 'पाच वेळा प्रोग्रॅम बंद न करता मेन स्विच ओढला.' त्याखाली रेघ, आणि रेघेवर कोरी जागा.

"माझ्या भागावर मी सही केलीय," ती म्हणाली. "सूचनाफलकावर लावायचा तर हा लावा. अर्धा कापून नाही लावायचा."

हेमाताईंनी कागद वाचला आणि आगाश्यांपुढे सरकवला. आगाश्यांनी तो हातात घेतला नाही.

"लावा," हेमाताई मच्छिंद्रला म्हणाल्या. "आणि प्रोग्रॅम चालू राहील."

"पण ही रेघ रिकामी आहे," मच्छिंद्र म्हणाला.

"दिसतंय मला. डोळे आहेत."

कागद त्या रेघेसकट लागला. सोमवारी जिन्यातून वर येणारं प्रत्येक मूल तिथे क्षणभर थांबलं. कोणीतरी टाचणीला दोरा बांधून पेन लटकवून ठेवलं. ते कोणी, हे समितीला शेवटपर्यंत कळलं नाही. सोमवारी आगाशे पाहणीला आलेच नाहीत. 'प्रकृती' असं मच्छिंद्रने हजेरीच्या वहीत लिहिलं.

गुरुवारी शाळा सुटल्यावर दीडच्या सुमारास आईच स्कूटर अभ्यासिकेच्या दिशेने घेऊन आली. स्वरालीने काही म्हटलं नव्हतं. मच्छिंद्र जिन्याच्या पायरीवर डबा खात बसला होता.

"साहेब आले होते?" तिने विचारलं.

"आले. आधी तुझा कागद वाचला. पेनाकडं बघितलं. मग आत."

"सही केली?"

"छ्या." त्याने भाकरीचा तुकडा मोडला. "पण मला म्हणले, ती कुठली कळ. मी दाखवली. कडू औषध घेतल्यासारखं तोंड केलं, आणि दाबली. मग ओढला स्विच. पोरं एकला उठली म्हणजे उठली."

स्वराली वर गेली, मेन स्विच वर केला, संगणक लावला आणि वही उघडली. गुरुवारच्या पानाच्या तळाशी तीन ओळी होत्या. १२.५९, फलक बंद. १२.५९, खुर्च्या मोकळ्या. १२.५९, वही बंद. पडद्यावर वरची जागा कोरी होती.

आईने तिच्या खांद्यावरून पाहिलं. "झालं ना मनासारखं? मग आता ती ओळ काढून टाक प्रोग्रॅममधून. कशाला उगाच त्यांना डिवचायचं."

"ती दिसत नाहीये आई."

"पण आत आहे."

"हो, आहे," स्वराली म्हणाली, आणि बंद करायची कळ दाबली.